जाहिरात लागू द्या, मग सांगते

आमच्या घरात रात्री आठच्या ठोक्याला टीव्ही लागतो. तोवर माझ्या सासूबाईंनी हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावलेला असतो, उद्याची मेथी नाहीतर चुका परातीत घेऊन त्या पलंगाच्या कडेला टेकलेल्या असतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला रिमोट त्यांच्या मांडीखाली अगदी सुरक्षित असतो. आमच्याकडे सासूला आत्या म्हणण्याची रीत आहे, म्हणून इथेही मी त्यांना आत्याच म्हणते. आत्यांचे वय ७२ आहे. नजर अजून सुई ओवण्याइतकी चांगली आहे, पण मालिकेतल्या कोणत्याही पात्राचे नाव त्यांच्या लक्षात राहत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. एक ‘औशाच्या मावशीवानी दिसणारी’ आहे, एक ‘नाकात बोलणारा’ आहे, आणि सगळ्या घरावर डाव धरून बसलेली जी बाई आहे तिला त्या आमच्या भावकीतल्या एका बाईच्या नावाने ओळखतात. ते नाव मी इथे लिहिणार नाही, कारण ती बाई खरोखर गुणाची आहे. बोलताना डावी भुवई वर जाते एवढेच दोघींचे साम्य.

आत्या मालिकेशी बोलतात. पडद्यावरची सून अंगभर दागिने घालून झोपली की त्यांना राहवत नाही. “एवढं घालून निजली तर टोचत नसंल का गं हिला?” असे त्या पोटातून विचारतात आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघतात. चौदा माणसांच्या घरात धुण्याचा ढीग कधी दिसत नाही, कणकेचा हात कुणाचा नसतो, गॅसची टाकी कधी संपत नाही, याची त्यांना मनापासून काळजी वाटते. “ह्यांचं धुणं कोण धूलालं?” हा प्रश्न गेली कित्येक वर्षे आमच्या घरात अनुत्तरित आहे.

एका दिवसाची तर आम्ही अजून आठवण काढतो. २०१६ चा उन्हाळा होता. मांजरा धरण कोरडे पडले होते, लातूरच्या नळांना पाणी नव्हते, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे आमच्या शहरात आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आमच्या घरी तेव्हा धुण्याचे पाणी पायऱ्या पुसायला आणि पायऱ्यांचे पाणी जास्वंदीला असा हिशेब चाले. त्याच सुमारास एका मालिकेतली नायिका बेसिनचा नळ सोडून, आरशात बघत, मोठमोठ्याने रडू लागली. तिच्या नवऱ्याने तिला फसवले होते आणि प्रसंग खरोखरच वाईट होता. आत्या परात बाजूला सारून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “अगं, रड की माय, पण नळ बंद करून रड!” धाकटा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता, तो दचकून उठला आणि नायिकेच्या सुरात सूर मिळवून रडू लागला. हे दुकानातून नुकतेच आले होते. ते दारातच थांबून म्हणाले, “पाण्याची गाडी आली का?” त्या उन्हाळ्यात आम्ही इतके पोटभर हसलो तो तो एकच दिवस.

मला मात्र आज ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे ती थोडी वेगळी आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कळत नसे, पण हळूहळू माझ्या लक्षात आले की आमच्या घरातली सगळ्यात खरी बोलणी टीव्हीकडे तोंड करून होतात. ‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण आपण सासूच्या तिरकस बोलण्यासाठी वापरतो, आणि ती वापरताना जरा नाक मुरडतो. मला त्या म्हणीत आता शहाणपण दिसते. जी गोष्ट समोरच्याला थेट सांगितली तर घाव बसेल, ती दुसऱ्या कुणाला तरी सांगावी, समोरच्याने ती ऐकावी आणि ऐकलीच नाही असे दाखवण्याची मोकळीक त्याला असावी, यात माणसाची किती काळजी घेतलेली आहे! आमच्या घरात ही लेक म्हणजे मालिकेतली कुणीतरी पोरगी असते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट आहे. पडद्यावरची सून सकाळी उशिरा उठली आणि घरात त्यावरून गहजब झाला. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाईनं उशिरा उठलं की सगळा दिवस हातातून जातो.” मी तेव्हा विशीतली होते, माहेरी कुणापुढे कधी तोंड वर करून बोलले नव्हते. कुठून धीर आला ते सांगता येत नाही, पण मीही टीव्हीकडे बघतच म्हणाले, “रात्री बारापर्यंत पाहुण्यांची भांडी घासली तर उशीर होणारच की तिला.” मालिकेतल्या सुनेने भांडी घासलेली कुणी दाखवली नव्हती. पाहुणे आमच्याकडे आले होते, आणि भांडी मी घासली होती. आत्या काही बोलल्या नाहीत. लसणाच्या पाकळ्या सोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरून साडेपाचला उठले, तर ओट्यावर स्टीलच्या पेल्यात चहा होता, वर बशी झाकलेली होती, आणि बशीवर दोन पार्ले बिस्किटे ठेवली होती. त्याविषयी आम्ही दोघी आजतागायत एक शब्दही बोललेलो नाही. त्या बिस्किटांवर चहाच्या वाफेचे पाणी लागले नव्हते, म्हणजे चहा नुकताच ठेवलेला होता आणि मी उठल्याची चाहूल घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या होत्या, हेही मला पुष्कळ वर्षांनी, एकदा स्वतः तसाच चहा झाकताना उमगले.

ही रीत काही टीव्हीने आणलेली नाही. माझे माहेर औसा तालुक्यातले. माझी आजी पहाटे जात्यावर बसली की घरातल्या कुणाला जे सांगायचे ते जात्याला सांगायची. सासू, नणंद, भाऊ, न आलेले पत्र, सारे काही त्या खुंट्याला धरून तिने ओवीत सांगितले. घरचे अंथरुणात जागे असून झोपल्यासारखे पडून राहत आणि ऐकत. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळता दळता विठ्ठलाशी बोलली, तेव्हा तिच्याही मालकाच्या घरातल्या कुणीतरी ते भिंतीपलीकडून ऐकलेच असेल, असे मला नेहमी वाटते. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट गेले, ते फार बरे झाले. पण आजीचे बोलणे काही वर्षे कुठे गेले होते, कुणास ठाऊक.

ते पुन्हा ऐकू आले ते रामायणाच्या वेळी. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती मालिका लागू लागली तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावात एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. ज्यांचा होता ते तो ढाळजेत आणून ठेवत, बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आणि आम्ही लेकरे पुढे मातीत. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत, आणि वारे सुटले की एखादा पोरगा माळवदावर चढून अँटिना फिरवायचा. कैकेयीने दशरथाकडे दोन वर मागितले त्या रविवारी सगळे अंगण चिडीचूप होते. त्या शांततेत माझी आजी शेजारच्या बाईला म्हणाली, “शब्द देणाऱ्याचं काय जातंय माय, भोगायचं घरच्यांनी.” आवाज मोठा नव्हता, पण तो पुरुषांच्या बाजूला बसलेल्या माझ्या आबांपर्यंत नीट पोहोचला. आबा आदल्या वर्षी भावकीतल्या एकाला सोसायटीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते, त्याने हात वर केले होते आणि आमचा एक बैल विकावा लागला होता. आबा उठले, काही न बोलता शिडीने माळवदावर गेले आणि अगदी स्वच्छ दिसत असलेल्या चित्राचा अँटिना फिरवू लागले. दशरथ तिरका झाला, मग मुंग्या आल्या, मग काहीच दिसेना. “आबा, गेलं! आबा, गेलं!” असे सगळे गाव खालून ओरडत होते आणि आबा वर पाइप धरून उभे होते. त्यानंतर कुणीही सही मागायला आले की आबा म्हणायचे, “घरी विचारून सांगतो.” त्या काळात आमच्या गावात असे म्हणणारा पुरुष दुसरा नव्हता.

समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलावे असे सगळे सांगतात, आणि ते ज्यांना जमते त्यांचे मला कौतुक आहे. मला स्वतःला त्याचा अनुभव फारसा चांगला नाही. समोर बसले की माणूस आधी चेहरा सांभाळतो. मी यांना महत्त्वाची म्हणून जी जी गोष्ट सांगितली आहे, ती स्कूटीवर मागे बसून, त्यांच्या खांद्याआडून सांगितली आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या गर्दीत गाडी हळू होते, तेवढ्यात सांगून टाकायचे. पोळ्या लाटताना पाठ वळलेली असते म्हणून लेकरे येऊन काहीबाही सांगतात. सगळ्यांची तोंडे एकीकडे असली की कुणाचे डोळे भरून आले ते कुणाला दिसत नाही, आणि शब्द आपला आपला पोहोचतो.

धाकट्याला हे कुणी शिकवले नाही, तरी त्याला ते येते. तो आता अकरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तो बापाशेजारी बसून क्रिकेटची मॅच बघत होता आणि आपला एक नावाजलेला फलंदाज शून्यावर बाद झाला. थोडा वेळ विचार करून त्याने विचारले, “पप्पा, एवढा मोठा खेळाडू झिरोवर आऊट झाला तर घरी गेल्यावर त्याची मम्मी त्याला रागावते का?” हे म्हणाले, “नाही रे. खेळात होतं तसं कधीकधी.” “मग जेवायला वाढते?” “वाढते की.” धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला आणि दप्तरातून गणिताचा पेपर काढला. वीसपैकी चार गुण होते. ह्यांनी पेपर बघितला, पडद्यावरचा स्कोअर बघितला आणि म्हणाले, “ह्यानं तरी चार काढले.” मी जेवायला वाढले. रागवायचे ते दुसऱ्या दिवशी रागावले, पण जेवण झाल्यावर.

मागच्या दिवाळीनंतर टीव्हीचा रिचार्ज संपला आणि कुणी भरला नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, त्यामुळे कुणाचे काही अडलेही नाही. थोरली तिच्या खोलीत, धाकटा सोफ्याच्या मागे, हे जेवताना बातम्या बघत, आणि आत्यांनाही आम्ही माझा जुना मोबाईल लावून दिला. भांडण संपले, रिमोटची ओढाताण संपली, घर इतके शांत झाले की शेजारच्या काकूंनी एकदा येऊन “गावाला गेला होता का?” असे विचारले. पहिले काही दिवस मला ती शांतता आवडली. मग एका रात्री मी भांडी आवरून बाहेर आले तेव्हा आत्या मोबाईल डोळ्यांजवळ धरून म्हणत होत्या, “हिला सांगावं तरी कुणी, ताप अंगावर काढू नये माय.” त्या वाक्याला घरातून कुणाचेही उत्तर आले नाही. सगळ्यांच्या कानांत काहीतरी खुपसलेले होते. मी जवळ जाऊन आत्यांच्या कपाळाला हात लावला, तर अंग चांगलेच तापले होते, आणि ते दोन दिवसांपासून तसेच होते.

त्या रात्री मी रिचार्ज भरला. आठ ते नऊ या वेळात सगळे मोबाईल फ्रिजवरच्या डब्यात आणि सगळी माणसे बैठकीत, असा नियम केला आणि तो मोडला तर दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला सुशीला मिळणार नाही, असे सांगितले. मुरमुऱ्याचा सुशीला आमच्या घरात सगळ्यांचा इतका जिव्हाळ्याचा आहे की नियमाला पंधरा मिनिटांत मान्यता मिळाली. कुरकुर झाली. ह्यांना मालिकेतले कोण कुणाचे ते कळेना, आत्या त्यांना ‘नाकात बोलणारा’ आणि ‘मावशीवानी दिसणारी’ यांचे नाते समजावून सांगू लागल्या, आणि धाकट्याने दोन दिवसांतच सगळ्यांच्या वंशावळी पाठ केल्या.

थोरली मात्र गप्प होती. ती बारावीला आहे. लातुरात बारावीला असणे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचे नाही. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून पोरे येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटेपासून क्लासच्या रस्त्याला लागतात. आमची तर इथलीच. डॉक्टरीच्या प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे ७२० गुण आमच्या घरात देवाच्या नावासारखे घेतले जातात. ह्यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे, आणि तिथल्या कॅलेंडरवर दर रविवारच्या टेस्टचे तिचे गुण ते पेनाने लिहितात, उधारीच्या तारखांच्या शेजारी. ते गुण गेले तीन महिने खाली खाली येत होते. मी तिला एकदा समोर बसवून, चहा करून, अगदी प्रेमाने विचारले. “काही नाही,” ती म्हणाली. मी पुन्हा विचारले. “काही नाही, मम्मी.” तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने चहा तसाच ठेवला आणि अभ्यासाला निघून गेली.

आणि मग एका गुरुवारी मालिकेतल्या बापाने पोरीला परदेशी शिकायला पाठवायचे ठरवले. सगळे घर पेढे वाटत होते. पोरगी खांबाला टेकून उभी होती. आत्या म्हणाल्या, “एवढं चांगलं झालं तर ही का रडूलाली?”

थोरली पडद्याकडे बघतच म्हणाली, “तिला कुणी विचारलं का?”

हे शेंगा फोडत होते. अंगठ्याखाली आलेली शेंग तशीच राहिली. मला वाटले आता ते तिच्याकडे वळून बघतील आणि सगळे विस्कटेल. ते वळले नाहीत. पडद्यावरच्या बापाकडे बघत त्यांनी विचारले, “विचारलं तर सांगेल का ती?”

“जाहिरात लागू द्या, मग सांगते.”

‘सांगेल’ म्हणायचे ते ती ‘सांगते’ म्हणाली, हे आम्हा सगळ्यांना ऐकू आले. जाहिरात लागायला चार-पाच मिनिटे लागली असतील. एरवी जाहिरातीला कावणाऱ्या आमच्या घराने तिची एवढी वाट कधी पाहिली नव्हती. शेवटी एका साबणाची जाहिरात लागली, फेस उडू लागला, आणि त्या फेसाकडे एकटक बघत आमची लेक म्हणाली, “मला डॉक्टर नाही व्हायचं. मला बीएस्सी ॲग्री करायचंय. परभणीला.”

कुणीच हलले नाही. हेही त्या साबणालाच म्हणाले, “पोत्यांच्या धुळीत मी जन्म काढला तो लेकरं धुळीबाहेर निघावीत म्हणून.”

“पप्पा, तुम्ही दर जूनला एमएयूएस ७१ विकता, एमएयूएस ६१२ विकता. गिऱ्हाईक विचारतं, यंदा पाऊस कमी झाला तर कुठलं पेरू, आणि तुम्ही सांगता. सोयाबीनचे ते वाण परभणीच्या विद्यापीठात निघालेत. ते कसं काढतात ते मला शिकायचंय.”

जाहिरात संपली. मालिकेतला बाप हात उडवत काहीतरी मोठमोठ्याने बोलत होता. आत्यांनी मेथीची काडी मोडली, पाने परातीत टाकली आणि पडद्यावरच्या त्या बापाला म्हणाल्या, “एवढं कसं कळंना ह्याला? पोरगी ह्याच्यावरच तर गेलीय.”

ह्यांनी अंगठ्याखालची शेंग फोडली, आतले तीन दाणे तळहातावर घेतले, साल फुंकून उडवली आणि बाजूला न बघता हात थोरलीपुढे धरला. तिने दोन घेतले. तिसरा धाकट्याने घेतला आणि तोंडात टाकता टाकता विचारले, “म्हणजे ताई आता इंजेक्शन नाही देणार?” त्याला ती काळजी पहिल्यापासून होती.

त्यानंतर चार दिवस घरात या विषयावर कुणी बोलले नाही. रविवारी टेस्ट झाली, गुण आले, कॅलेंडरवर लिहिलेही गेले, आणि ते मागच्यापेक्षा बरे होते. सोमवारी रात्री आठला आम्ही पुन्हा बसलो. आत्यांच्या परातीत तुरीची डाळ होती, थोरलीच्या मांडीवर धाकट्याचे पाय होते. मालिका सुरू झाली, ‘नाकात बोलणारा’ जिना उतरून खाली आला, आणि हे पडद्याकडे बघत, कुणालाच नाही अशा आवाजात म्हणाले, “परभणीला पोरींचं होस्टेल विद्यापीठातच असतं का बाहेर?”

थोरलीने श्वास घेतला, पण तेवढ्यात आत्यांनी मांडीखालचा रिमोट काढला, आवाज दोन घरे वाढवला आणि लेकाला म्हणाल्या, “गप बस जरा. जाहिरात लागल्यावर विचार.”